आपला मारिओ हळू का पळायचा?

तुमच्या घरी माळ्यावर, दिवाणाच्या पोटात किंवा गावाकडच्या एखाद्या कपाटात अजून एक प्लास्टिकचा डबा पडून असण्याची बरीच शक्यता आहे. वर खाच, खाचेत कॅसेट, वायरवाले दोन रिमोट आणि एक बंदूक. त्याला 'कन्सोल' म्हणतात हे आपल्याला खूप नंतर कळलं. आपल्यासाठी तो 'व्हिडिओ गेम' होता. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं बिनदिक्कत छापलेलं असायचं आणि आत तेच मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे.

आमचा डबा दिवाळीच्या साफसफाईत बारा-तेरा वर्षांनी खाली आला. धाकट्या भावाने तो हॉलमधल्या सपाट टीव्हीला जोडला, मारिओ सुरू झाला, आणि मिनिटभरात त्याचा निकाल आला, "ताई, हा स्लो झालाय गं. म्हातारा झाला बहुतेक." त्याने मधल्या काळात हाच गेम मोबाइलवर एम्युलेटरमध्ये खेळला होता, त्यामुळे तुलना ताजी होती. त्याचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. कारण मात्र वय नाही. डब्यातलं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झचा एक स्फटिक, आणि तो वर्षाला दहा लाखांत काही भाग इतकाच सरकतो. डबा पहिल्या दिवसापासून याच वेगाने चालत होता. आजची पोस्ट त्या वेगाबद्दल आहे, आणि त्या बंदुकीबद्दलही, कारण तिचा माझ्या पीएचडीशी थेट संबंध आहे.

मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' ऊर्फ फॅमिकॉम १४,८०० येनला बाजारात आणला. आराखडा मासायुकी उएमुरा यांच्या गटाचा. आतला प्रोसेसर रिको कंपनीचा, पण त्याचा गाभा १९७५ च्या ६५०२ या अमेरिकन चिपचा, जी तेव्हा अवघ्या २५ डॉलरला मिळायची. कामाची मेमरी २ किलोबाइट. (ही पोस्ट त्यात मावणार नाही.) इतकं साधं यंत्र असल्यावर नकला होणारच होत्या. तैवानमधल्या युएमसीसारख्या कंपन्यांनी त्या चिपांच्या प्रतिकृती बनवल्या आणि त्यांच्यावर उभे राहिलेले डबे रशियापासून भारतापर्यंत शंभर नावांनी विकले गेले. 'डुप्लिकेट' म्हणून आपण इथेच विषय संपवतो. माझ्या मते खरी गंमत इथे सुरू होते.

जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा आणि टीव्हीही त्याच तालावर. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा आपण पाल ही पद्धत घेतली, तिच्यात सेकंदाला ५० वेळा. हा फरक किरकोळ वाटेल, पण त्या काळचे गेम वेळ मोजण्यासाठी दुसरं काहीच वापरत नव्हते. पडद्याची एक फेरी पूर्ण झाली की गेम एक पाऊल पुढे. म्हणजे जपानसाठी लिहिलेला गेम ५० च्या टीव्हीवर आणला की तो साधारण १७ टक्के मंदावणार.

आता एक तांत्रिक पेच बघा, जरा सावकाश वाचा. जपानी यंत्रात प्रत्येक फेरीत २६२ ओळी असतात. त्यातल्या २४० चित्राच्या. चित्र संपलं की यंत्र गेमला एक घंटा देतं, आणि पुढच्या वीस ओळींएवढ्या रिकाम्या वेळात गेमने पुढच्या चित्राची तयारी उरकायची. पालमध्ये ओळी ३१२. मग वरच्या ५० ओळी कुठे घालायच्या? निन्टेन्डोने युरोपसाठी यंत्र बनवलं तेव्हा त्या घंटेच्या नंतर घातल्या, म्हणजे गेमला तयारीसाठी जादा वेळ. शिवाय प्रोसेसरचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आणला. परिणाम असा की एका ओळीच्या वेळात प्रोसेसर जिथे जवळपास ११४ पावलं टाकायचा तिथे १०७ टाकू लागला. ओळ मोजून नेम साधणारे जपानी गेम या यंत्रावर अडखळायचे आणि युरोपसाठी ते दुरुस्त करावे लागायचे.

नकलाकारांना ही चैन परवडणारी नव्हती. त्यांच्याकडे गेम दुरुस्त करणारं कोण होतं? जपानी कॅसेटमधला माल जसाच्या तसा चालला पाहिजे, एवढीच अट. म्हणून युएमसीच्या पाल देशांसाठीच्या चिपांमध्ये त्या ५० ओळी घंटेच्या आधी घातल्या. चित्र संपलं, पन्नास ओळी नुसतं थांबायचं, मग घंटा, आणि मग नेहमीच्याच वीस ओळी. प्रोसेसरही १.७७ मेगाहर्ट्झवर ठेवला, एका ओळीत पुन्हा तितकीच पावलं. गेमला पत्ताच लागत नाही की आपण परदेशात आहोत! जपानी गेम चालवण्याच्या बाबतीत ही नक्कल निन्टेन्डोच्या स्वतःच्या युरोपीय यंत्राहून सरस होती. असला तोडगा काढणाऱ्या माणसाला मशीन आतून समजलेलं असतं, आणि त्या अभियंत्याचं नाव कुठल्याही डब्यावर नाही.

एक परिणाम मात्र कुणालाच टाळता आला नाही. फेऱ्या ५० च राहिल्या, म्हणून सगळं हळू. मारिओची उडी हळू, बदकं हळू, पाठीमागचं संगीतही हळू. गंमत म्हणजे संगीताची पट्टी उतरली नाही. सूर प्रोसेसरच्या घड्याळावरून निघतो आणि ते जेमतेम एक टक्का वेगळं आहे. लय तेवढी घसरली. यूट्यूबवर मारिओची मूळ धून ऐकताना 'हे जरा घाईत वाजवलंय' असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमचा कान ठीक आहे.

एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये गेलात तर यंत्राचे तीन प्रकार दिसतात. जपान-अमेरिकेचा, युरोपचा, आणि तिसरा 'डेंडी'. १९९२ साली मॉस्कोच्या स्टिपलर कंपनीने तैवानी हार्डवेअरवरचा आपला डबा या नावाने विकला. त्याला जाहिराती होत्या, हत्तीचं बोधचिन्ह होतं, आणि पुढे त्याची मापं काढणारे हौशी लोकही होते. म्हणून तो वेग त्या नावाने नोंदला गेला. आपल्याकडेही असलेच डबे घराघरांत आले, पण दर गल्लीत वेगळ्या नावाने, आणि मोजणारं कुणी नव्हतं. त्यामुळे नाशिक-सोलापूरच्या कुणाला आपल्या लहानपणचा मारिओ मोबाइलवर त्याच चालीने पळवायचा असेल, तर त्याला रशियन नावाचं बटण दाबावं लागतं. मला हे टोचतं. साहेबाचं आणि जपानचं यंत्र इतिहासात आलं, रशियाची नक्कलही आली, आपली 'चायना माल' म्हणून भंगारात गेली.

वेग निदान मोजून परत मिळवता येतो. बंदुकीचं तसं नाही. आमच्या डब्यावर मारिओ चालला, कॉन्ट्रा चालला, 'डक हंट'मध्ये मात्र एकही बदक पडलं नाही. बंदूक उघडून तपासली, आतला संवेदक धडधाकट निघाला.

ही बंदूक काही सोडत नाही, ती बघते. निन्टेन्डोचा या विषयाशी संबंध फॅमिकॉमच्याही आधीचा. उएमुरा मुळात शार्प कंपनीचे, तिथले सोलर सेल ते निन्टेन्डोला विकायचे. १९७० साली निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी त्यातून खेळणं बनवलं. बंदुकीत दिवा, निशाणावर सोलर सेल, प्रकाश पडला की निशाण उडायचं. टीव्हीच्या बंदुकीत भूमिका उलटल्या. निशाण प्रकाश देतं आणि बंदुकीच्या नळीतला फोटोडायोड तो टिपतो.

तुम्ही खटका दाबता तेव्हा पडदा एका फेरीपुरता काळा होतो. पुढच्या फेरीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. काळ्या फेरीत उजेड दिसला नाही आणि पांढऱ्या फेरीत दिसला, तर नेम बरोबर. बदकं दोन असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठच्या फेऱ्यांत येतात, म्हणजे कुठलं पडलं ते वेळेवरून कळतं. आपल्याकडे एक फेरी २० मिलिसेकंदांची.

पण खोलीतल्या ट्यूबलाइटचं काय? इथे पिक्चर ट्यूब कामाला येते. तिच्यात चित्र एकदम दिसत नसतं. इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ काढत खाली येतो, दर ओळीला ६४ मायक्रोसेकंद. बंदुकीच्या नजरेच्या टप्प्यातून तो ओळीमागून ओळ जातो, म्हणजे तिला सेकंदाला १५,६२५ या गतीने लुकलुकणारा प्रकाश दिसतो. बंदुकीतलं सर्किट बरोबर त्याच आसपासच्या वारंवारतेला ऐकतं. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, खिडकीतलं ऊन स्थिर असतं. दोन्ही गाळले जातात.

माझ्या लॅबमध्ये मी दिवसभर हेच करते. मोजायचा प्रकाश इतका अंधुक असतो की खोलीतल्या उजेडात तो बुडून जातो. म्हणून त्याच्या वाटेत भोकांची फिरती चकती ठेवून त्याला ठरावीक वारंवारतेने तोडायचं, आणि त्याच तालावर येणारा सिग्नल तेवढा मोठा करायचा. आमचं उपकरण ताल जुळवून घेण्यात बरंच काटेकोर आहे आणि त्याची किंमत विचारू नका. पण प्रकाश किती आहे यापेक्षा तो कोणत्या तालावर आणि कधी येतो हे विचारायचं, ही कल्पना त्या प्लास्टिकच्या बंदुकीत पूर्ण आहे.

सपाट टीव्हीत झोत नाही, ओळींचा तो ताल नाही, पिक्सेल सलग उजळलेला राहतो. वर हे टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतः चाळतात, सुधारतात आणि मग दाखवतात. तेवढ्यात ते २० मिलिसेकंद कधीच निघून गेलेले असतात. म्हणजे माळ्यावर आपण जपून ठेवलं ते यंत्राचं अर्धं अंग. उरलेलं अर्धं, तो जड डबडा टीव्ही, आपण एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारवाल्याला देऊन टाकला. एम्युलेटर चिपची हुबेहूब नक्कल करतो, झोताची करू शकत नाही. म्हणून मी तरी हल्ली कुणी जुना चालू टीव्ही काढतंय कळलं, की आधी त्याचा आकार विचारते. आईला हे पसंत नाही.

तुमचा डबा बाहेर काढणार असाल तर दोन गोष्टी. जुना अॅडॉप्टर हरवला असेल तर मिळेल तो लावू नका. मूळ फॅमिकॉमच्या पिनमध्ये आत ऋण आणि बाहेर धन असतं, आज मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरांच्या उलट, आणि नकलांनीही बऱ्याचदा तेच उचललं. डब्यावरचं छोटं चित्र बघून घ्या. दुसरं, कॅसेटमध्ये फुंकू नका. फुंकल्यावर चालायची ती काढून परत बसवल्यामुळे, फुंकरीतला दमटपणा संपर्कांना गंजवतो. कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

आणि तुमचा डबा कुठल्या वेगाचा ते बघायला स्क्रू काढायची गरज नाही. बऱ्याच डब्यांत चिपवर काळा डांबरी ठिपका असतो, नंबर दिसतही नाही. मारिओ सुरू करा, त्याला जागेवर उभा ठेवा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. वरचा टाइम दर २४ फेऱ्यांना एकने कमी होतो. ४०० वरून ३०० व्हायला ४० सेकंद लागले तर डबा साठच्या तालाचा, ४८ लागले तर पन्नासच्या. आमच्या डब्याने ४८ घेतले. तुमचे किती आले ते शहराच्या नावासकट मला कळवा, मी यादी करायला घेतली आहे.