श्वास मोजणारे मणी

आमच्या धंद्यात 'युजर' नावाच्या प्राण्याला शिव्या घालायची जुनी पद्धत आहे. प्रॉडक्ट चाललं नाही की 'युजरला कळत नाही' असं म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं! म्हणूनच आज ज्या यंत्राबद्दल लिहितोय, ते मला भयंकर आवडतं. त्याला बॅटरी नाही, स्क्रीन नाही, मॅन्युअल तर नाहीच. आहे काय? एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि दोन ओळींत ओवलेले मणी. बस्स.

हे यंत्र गडचिरोलीचं. 1982 साली चंद्रपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा म्हणजे जंगल, नद्या आणि मधेमधे विखुरलेली गावं. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर जोडपं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परत आलं आणि 1986 मध्ये तिथे जाऊन राहिलं. 'सर्च' ही त्यांची संस्था. गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद ठेवायला लागल्यावर एक मोठा मारेकरी समोर आला, तो म्हणजे न्यूमोनिया.

आता गंमत बघा. न्यूमोनिया ओळखायला दर वेळी एक्स-रे लागतोच असं नाही. खोकणारं मूल जोरजोरात श्वास घेत असेल, तर तीच धोक्याची घंटा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त, असा साधा नियम. औषधही स्वस्त. अडचण एकच. डॉक्टर कित्येक मैल लांब आणि बाळाजवळ असते ती गावातली सुईण. तिने शेकड्याने बाळंतपणं केलेली, पण शाळेची पायरी न चढल्यामुळे दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही. 50 आणि 60 कुठून मोजणार?

इथे 'निरक्षर बायकांना हे जमणार नाही' असा शेरा मारून फाईल बंद करता आली असती. त्याऐवजी त्यांनी यंत्र बदललं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलात तर न्यूमोनिया, औषध सुरू करा! वयाप्रमाणे मर्यादा वेगळी, म्हणून ओळी दोन. म्हणजे गुंतागुंत सगळी यंत्रात, आणि सुईणीला येणाऱ्या दहा आकड्यांवर काम भागलं.

नुसती कल्पना छान असून भागत नाही, टेस्टिंग लागतं. तेही झालं. 58 गावांत हा कार्यक्रम राबवला आणि 44 गावं तुलनेसाठी ठेवली. सुईणी, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी उपचार करत होते. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: कार्यक्रमाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी.

मग प्रश्न उरला जन्मल्यापासून पहिल्या 28 दिवसांचा. ही बाळं जायची जंतुसंसर्गाने, गुदमरून, गारठून. त्यासाठी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. थर्मामीटर, वजनकाटा, बाळाला ऊबदार ठेवायची पिशवी, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा! डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, ही त्या काळात पचायला जड गोष्ट होती. पण 39 गावांत नवजात मृत्यूदर 1993-95 मध्ये हजारी 62 होता, तो 1997-98 पर्यंत 25.5 वर आला.

या कामाचा पुढे देशभर परिणाम झाला. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या, आणि 2011 मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम सरकारने त्यांच्याकडे दिलं. पहिल्या 42 दिवसांत सहा-सात भेटी, त्याचे अडीचशे रुपये.

आणि नेमकं इथे मला टोचतं. कल्पना उचलली गेली, पण ती राबवणारी बाई मात्र 'स्वयंसेविका'च राहिली. मोबदला बराचसा कामागणिक. 2023-24 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना त्यासाठी संप करून मुंबईला आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. गडचिरोलीतलं यश नुसत्या मण्यांचं किंवा औषधाचं नव्हतं. बाईला नीट शिकवणं, तिच्या कामावर सतत देखरेख, आणि ती जे सांगते त्यावर विश्वास, हे सगळं त्यात होतं. आपण भेटींचा तक्ता उचलला. बाकीचं उचलणं जरा महाग पडतं ना!

आपल्यासारखे लोक आरोग्यव्यवस्था म्हटलं की कॅशलेस कार्ड आणि सातमजली हॉस्पिटल डोळ्यांसमोर आणतात. त्यांचीही गरज आहे, वाद नाही. पण रात्री दोन वाजता पाड्यावरचं बाळ धापा टाकू लागतं, तेव्हा व्यवस्था म्हणजे शेजारच्या झोपडीतून उठून येणारी एक बाई. तिच्या हातात काय दिलंय आणि तिला आपण काय देतोय, यावर बाळाची सकाळ ठरते.