मॉर्गन डॉलर आणि मुंबईचा रुपया

जितकं जुनं नाणं तितकं महाग, असा आपला एक सरळसोट समज असतो. त्यातून चांदीचं असेल तर बघायलाच नको! पण अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरचे भाव बघायला लागलात की हा हिशोब पाच मिनिटांत कोलमडतो.

मॉर्गन डॉलरचंच उदाहरण घेऊ. जॉर्ज मॉर्गनने डिझाईन केलेलं हे नाणं १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा १९२१ मध्ये पाडलं गेलं. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. प्रत्येक नाण्यात चांदी अगदी सारखी. तरी एक नाणं चांदीच्या भावाहून थोडं वर मिळतं आणि दुसऱ्याच्या किमतीत पुण्यात फ्लॅट येईल. असं का बुवा?

मग आपण म्हणतो, कमी पाडली असतील. हे काही वेळा खरंही असतं. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने फक्त १ लाख डॉलर पाडले, आणि ते आज भलतेच महाग आहेत. पण आता पुढची दोन नाणी बघा. १९०१ साली फिलाडेल्फियात ६९ लाखांहून जास्त डॉलर पाडले. १८८४ साली कार्सन सिटीत साडेअकरा लाखसुद्धा नाहीत. तरी कार्सन सिटीचं कोरं करकरीत नाणं आरामात मिळतं, आणि १९०१ चं तसंच नाणं हवं असेल तर मोठमोठे संग्राहकही खिसा चाचपतात.

कारण १८८४ च्या त्या डॉलरांपैकी सुमारे ९ लाख ६२ हजार सरकारी तिजोरीत थैल्यांमध्ये तसेच पडून होते. १९७२ पासून सरकारने ते विकायला काढले. १९०१ चे मात्र लोकांच्या हातात फिरून झिजले. म्हणजे 'किती पाडली' हा प्रश्नच चुकीचा. किती उरली, कुठल्या अवस्थेत उरली, आणि ती हवी असणारे किती, हे विचारायचं.

आणि किती उरली, या प्रश्नाच्या मुळाशी चक्क आपली मुंबई आहे!

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ब्रिटनला प्रचंड माल जात होता. त्याचे पैसे इथे रुपयांत द्यावे लागत, आणि रुपया चांदीचा. नोट दिली की चांदीचा रुपया हातात पडेल, हे सरकारचं वचन होतं. १९१८ च्या सुरुवातीला लोकांचा विश्वास डळमळला आणि मुंबईत नोटा मोडून रुपये घ्यायला झुंबड उडाली. खजिन्यात चांदी संपत आलेली. ब्रिटनने अमेरिकेपुढे हात पसरले. २३ एप्रिल १९१८ ला तिथे पिटमन कायदा झाला आणि २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली जवळपास २५.९ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी होती. इथल्या टांकसाळींत तिचे रुपये झाले.

आमच्या भाषेत सांगायचं तर एवढा मोठा डेटा डिलीट केला, पण लॉग ठेवला नाही. कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंदच नाही. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं संग्राहक अंदाजावर चालले. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर जवळजवळ सगळाच वितळला, असं सगळे धरून चालले होते. १९६२ च्या किंमत-पुस्तकात कोऱ्या नाण्याचा भाव होता १५०० डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या तळघरातून त्याच नाण्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या. भाव धाडकन कोसळला. नाणं तेच, चांदी तीच, बदलली ती फक्त माहिती!

राहिला प्रश्न अवस्थेचा. विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. वरच्या श्रेणीत एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पट होऊ शकते. आणि घासून चमकवलेलं नाणं? ते संग्राहकाच्या लेखी बाद. टांकसाळीतली मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही.

तेव्हा घरात आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल, तर दिवाळीत टूथपेस्ट लावून घासू नका. कदाचित तो पूर्वी मॉर्गन डॉलर असेल. फार किंमत येईल असं मात्र समजू नका, कारण त्या वर्षांत असे रुपये कोट्यवधी पाडले गेले. ज्या झुंबडीने अमेरिकेतले काही डॉलर दुर्मिळ केले, तिनेच आपला रुपया मुबलक केला.