कोरीवकामाची सुरी (हौशी घडाई)

लाकूड हातात धरून तासण्याची व कोरण्याची आखूड, पातळ पात्याची सुरी. पाते बहुधा ४ ते ९ सेंमी. लांब, १ ते २ सेंमी. रुंद आणि पाठीकडे २ ते ३ मिमी. जाड असते. मूठ मात्र पात्याहून लांब आणि तळहात भरेल अशी. भाजीच्या सुरीची धार उतरली तरी काम रेटता येते. कोरीवकामाची बोथट सुरी लाकडात न शिरता घसरते आणि धरलेल्या हातावर येते. म्हणून या हत्यारात रूपापेक्षा पात्याच्या पाण्याला, म्हणजे तापवून-बुडवून आणलेल्या कडकपणाला, अधिक मोल आहे.

हौशी लोहाराला हे हत्यार झेपते ते त्याच्या आकारामुळे. विटांची लहानशी आगटी, लाकडी कोळसा, हवेसाठी हातभाता किंवा छोटा पंखा, ऐरणीच्या जागी रुळाचा तुकडा, एक किलोच्या आसपासचा हातोडा, सांडशी आणि दोन-तीन कानशी एवढ्यावर काम होते. तलवारीचे पाते सगळीकडे सारखे तापवायला मोठी भट्टी लागते. बोटाएवढे पाते मूठभर निखाऱ्यांत मावते.

प्रकार : सरळ पात्याची तासणीची सुरी सर्वांत प्रचलित. खाचा कोरण्याची सुरी याहून आखूड व खाली झुकलेल्या टोकाची. चमचे-वाडगे पोखरण्यासाठी आकड्यासारखी वाकडी सुरी. जपानी किरिदाशीला तिरपे टोक आणि एकाच बाजूला उतार असतो; तिला वेगळी मूठ बसवावी लागत नाही.

इतिहास : घरोघरी सुरीने लाकूडकाम करण्याची उत्तर युरोपातील परंपरा स्लॉइड या नावाने शिक्षणात आली. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस व स्वीडनमध्ये नॅस येथे ओटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला शाळेत स्थान दिले. स्वीडनच्या मोरा परिसरात १८९१ पासून कारखान्यात सुऱ्या बनू लागल्या. कडक पोलादाचा थर दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडात धरलेली तेथील पाती आजही हौशी कारागीर नमुना म्हणून समोर ठेवतात.

विसाव्या शतकात हौशी घडाईला ग्रंथरूप मिळाले ते मुख्यतः अलेक्झांडर वेयगर्स (१९०१–८९) यांच्यामुळे. जन्म जावा बेटावर, शिक्षण नेदरलँड्समध्ये अभियांत्रिकीचे आणि पुढचे आयुष्य अमेरिकेत शिल्पकार म्हणून. कॅलिफोर्नियातील कार्मेल व्हॅलीत राहून ते शिल्पकारांना स्वतःची हत्यारे स्वतः घडवायला शिकवीत. ‘द मेकिंग ऑफ टूल्स’ (१९७३) व ‘द मॉडर्न ब्लॅकस्मिथ’ (१९७४) या पुस्तकांतील चित्रेही त्यांनीच काढली. मोटारीच्या स्प्रिंगा आणि झिजलेली अवजारे भंगारातून उचलून त्यांपासून छिन्न्या, पटाश्या, सुऱ्या कशा करायच्या हे त्यांनी पायरीपायरीने दाखवले. पोलाद विकत घेतल्याशिवाय हत्यार होत नाही हा समज त्यांनी मोडला, ही त्यांची मोठी कामगिरी होय. अमेरिकेतील कलाकार-लोहारांची संघटनाही १९७३ मध्येच स्थापन झाली.

महाराष्ट्रात विळा, कोयता, वाकस, पटाशी ही अवजारे बलुतेदार लोहार व फिरते घिसाडी घडवीत आले. सावंतवाडीच्या लाकडी कामाची परंपरा प्रसिद्ध आहे.

पोलाद : पाणी धरण्यासाठी कार्बनचे प्रमाण ०.६ टक्क्यांच्या वर हवे. कोरीवकामाच्या धारेला ०.८ ते १ टक्का उत्तम. साध्या सळईचे किंवा पट्टीचे लोखंड कितीही ठोकले तरी धार धरत नाही. जुन्या कानशीत कार्बन सव्वा टक्क्याच्या घरात असतो आणि लहान सुरीला ती चांगली पुरते. मात्र घडाईपूर्वी तिचे दाते घासून काढावे लागतात, नाहीतर दात्याच्या खाचेतूनच पुढे तडा जातो. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद चिवट पण धारेला किंचित मऊ. बेअरिंगची कडी धार उत्तम देतात. त्यांतील क्रोमियममुळे उष्णता नेमकी लागते, म्हणून ती नवशिक्यासाठी नव्हेत. हॅकसॉची बरीच पाती दोन धातूंची असतात. त्यांच्या दात्यांपुरतेच कडक पोलाद असल्याने ती फसवी ठरतात. भंगाराचा तुकडा घेतला की आधी कोपरा तापवून तेलात बुडवावा व मोडून पाहावा. मोड राखी, मऊसर कणांचा असेल तर पोलाद आणि ताव दोन्ही बरोबर. साखरेसारखा खडबडीत चमकला तर ताव जास्त झाला.

घडाई : पोलाद नारिंगी होईपर्यंत तापवून ठोकतात आणि काळपट लाल होताच पुन्हा आगीत घालतात. त्याहून थंड पोलादावर घाव घातल्यास आत बारीक चिरा पडतात. पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळले. तो भाग कापून टाकण्यावाचून उपाय नाही. आधी टोक, मग मुठीत जाणारे शेपूट, शेवटी धारेचा उतार असा क्रम सोयीचा. धारेकडची बाजू ठोकली की ती लांबते आणि पाते पाठीकडे वळत जाते. जाणता कारागीर म्हणूनच पट्टी आधी धारेकडे थोडी वाकवून घेतो. उतार पाडता पाडता ती आपोआप सरळ होते. धार या वेळी निदान एक मिमी. जाड ठेवतात. शेवटी कमी तावावर हलके ठोके देऊन धार ‘दाबून’ घ्यावी की नाही, याबद्दल लोहारांत एकमत नाही.

पाणी देणे : सगळ्या कामाचे सार येथे आहे. पाते प्रथम दोन-तीनदा लाल करून हवेत निवू देतात. घडाईत आलेला ताण त्याने जातो व कण बारीक होतात. मग अंधाऱ्या जागी ते सावकाश तापवतात. अंधार लागतो तो रंग ओळखण्यासाठी, कारण उन्हात लाल पोलाद काळेच दिसते. सुमारे ७७० अंश से. ला चुंबक चिकटेनासे होते. साध्या कार्बन पोलादाला त्याहून थोडा वर, म्हणजे ८०० अंशांच्या आसपासचा ताव पुरतो. नजर सरावली की चुंबकही लागत नाही. पाते उजळत असताना त्याच्या अंगावर एक सावली उमटते आणि जाड भागाकडे सरकत जाते, कारण त्या क्षणी पोलाद आतली रचना बदलण्यासाठी उष्णता पीत असते. सावली विरून रंग एकसारखा झाला की तीच वेळ.

पाते कोमट, साधारण ५० अंशांच्या शेंगदाणा तेलात टोकाकडून सरळ बुडवून पुढेमागे हलवतात. आडवे हलवल्यास ते वाकते. गार पाण्याने कडकपणा अधिक येतो, पण पातळ पाते तडकते. तेल लोखंडी डब्यात असावे आणि झाकण हाताशी असावे, कारण भडका उडाला तर तो झाकणानेच विझतो. पाते निवल्यावर धारेवर कानस फिरवून पाहतात. कानस काचेवरून सरकल्यासारखी घसरली, धातू चावला नाही, तर पाणी बसले.

असे पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून लगेच कडकपणा उतरवतात. घरच्या ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर एकेक तास, असे दोनदा. जुनी रीत पाहायला अधिक सुंदर आहे. पाते घासून चकचकीत करतात आणि लाल तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर पाठ टेकवून धरतात. पाठीकडून धारेकडे रंग चालत येतात : पुढे फिकट पिवळा, मागे तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा धारेला पोचला की तत्काळ पाण्यात. अशा पात्याची पाठ चिवट राहते आणि धार कडक.

मूठ : शिसवी, बाभूळ किंवा चिंच. शेपूट पूर्वी लाख व विटेच्या भुकटीने बसवत, आता इपॉक्सीने. वर जवसाचे तेल.

धार : दोन्ही उतार मिळून २० ते २५ अंशांचा कोन होईल असे पाते निसण्यावर पाजवतात आणि चामड्यावर फिरवून कोर काढतात. घासताना पाते तापू देत नाहीत. धारेवर निळी झाक आली तर तिथले पाणी गेले. हातावरचे केस निघणे ही परीक्षा अपुरी. पांगारा किंवा शिवणीसारख्या मऊ लाकडाचा आडवा छेद घ्यावा. तो गुळगुळीत, चकाकता आला व रेषा चेंगरल्या नाहीत तर धार खरी. वापरात धारेचे तुकडे उडाले तर पाते दहा-पंधरा अंश अधिक तापमानाला पुन्हा उतरवतात. धार दुमडली तर बहुधा पाणीच अपुरे, आणि सगळे काम पुन्हा तावापासून करावे लागते.

सुरक्षा : चष्मा, घासताना मुखपट्टी. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड आगीत घालू नये. त्याचा धूर विषारी असतो.

कायदा : भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांतील पात्याच्या ९ इंच लांबीची किंवा २ इंच रुंदीची मर्यादा या सुऱ्या गाठत नाहीत.