गळा आणि पात्र : सांगली-साताऱ्याच्या वाटेवरचा एक मागोवा

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि असे काही आपल्या भाषेत व्हावे, अशी इच्छा दरबारातल्या विष्णू अमृत भावे या तरुणाजवळ बोलून दाखवली. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगले. मराठी रंगभूमी आपला वाढदिवस याच तारखेला मोजते. त्या रात्री रंगणावर राम होता, सीता होती, रावण होता. पण गाणारा गळा मुळात एकच होता, तो सूत्रधाराचा. मागे झांजा आणि मृदंग घेतलेले साथीदार, आरंभी गणपती, मग मोरावर बसून आलेली सरस्वती, विदूषकाचा चावटपणा, आणि मग आख्यान. प्रसंगाचे पद सूत्रधार म्हणे. ते संपले की त्याचाच अर्थ पात्रे आपापल्या बुद्धीने गद्यात बोलून दाखवत. सीतेचा शोकही सूत्रधाराच्याच कंठातून येई आणि रावणाची घमेंडही. राक्षसांच्या वाट्याला तेवढी आरोळी आली. तिच्यामुळेच पुढच्या पिढीने या खेळांना ‘अलल्डुर्र’ म्हणून हिणवले. भाव्यांनी १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला तेव्हा त्यात आली ती पदे. पात्रांचे बोलणे हवेत विरून गेले होते आणि टिकले होते ते सूत्रधाराचे गाणे.

याच्याही मागे जायचे तर आपल्याला दक्षिणेत तंजावरला जावे लागते. तिथल्या भोसले राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिली आणि लिहवून घेतली. पण ती सरस्वती महालाच्या दप्तरांत राहिली, कृष्णाकाठापर्यंत त्यांचा आवाज पोहोचला नाही. आणि त्याच शतकात युरोपात काय चालले होते? माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये मांतुआत झाला, तेव्हापासून तिकडे पात्र म्हणजेच गाणारा गळा. हळूहळू त्या गळ्यांच्या इयत्ता ठरल्या. बायकांत सोप्रानो, मेझो आणि आल्टो. पुरुषांत टेनर, बॅरिटोन आणि बास. कोवळी नायिका सोप्रानो, प्रियकर टेनर, राजा किंवा पुरोहित बास, असे संकेत पडत गेले. तेही काही अनादी नव्हते. हेंडेलने १७२४ साली लंडनमध्ये ज्युलियस सीझर रंगभूमीवर आणला, तेव्हा त्या महापराक्रमी वीराची भूमिका सेनेसिनो या खच्ची केलेल्या गायकाने बाईच्या उंचीच्या आवाजात गायली आणि कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही. वीराने छातीतून वरचा षड्ज फेकायचा, ही प्रथा १८३७ मध्ये पॅरिसला द्युप्रेने रुजवली; म्हणजे ‘सीतास्वयंवरा’च्या जेमतेम सहा वर्षे आधी. तिकडे पात्राला उंचीचे माप मिळत होते, त्या वेळी इकडे पात्राला अजून गळाच मिळालेला नव्हता.

तो मिळाला १८७९-८० च्या सुमारास. सोकर बापूजी त्रिलोकेकर हे नाव आज फारसे कोणाच्या ओठांवर नाही. पण मुंबईच्या या गृहस्थांच्या ‘नलदमयंती’त पात्रे स्वतः गाऊ लागली होती. त्याला लोकमान्यता मिळवून दिली ती बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभे’चा खेळ त्यांच्या डोक्यात घोळत होता आणि कीर्तनाचे, लावणीचे, कर्नाटकी पदांचे संस्कार गळ्यात होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. सूत्रधार तिथेही होता, पण नांदी झाली, नटीशी चार शब्द झाले, की तो आत निघून गेला आणि साकी, दिंडी, पदे पात्रांच्या स्वाधीन झाली. मोरोबा वाघोलीकरांचा दुष्यंत एका तऱ्हेने गाई, बाळकोबा नाटेकरांचा कण्व दुसऱ्या. सदतीस वर्षे एका माणसाकडे असलेली मिरास अशी वाटली गेली.

या वाटणीत गळ्याची उंची कोणी पाहिली नाही, आणि त्याचे कारण आपल्या संगीताच्या घडणीतच आहे. युरोपात स्वरलिपी आणि वाद्यमेळ आधी ठरलेले असतात; गायकाने त्या उंचीवर जायचे. आपल्याकडे षड्ज गाणाऱ्याच्या सोयीचा. एकच पद काळी एकमध्ये म्हणा की काळी चारमध्ये, राग मोडत नाही. म्हणजे भूमिका गायकाला आपल्या पट्टीवर ओढत नाही, गायकच भूमिकेला आपल्या पट्टीवर आणतो. या व्यवस्थेची लाकडी साक्ष पाहायची तर सांगलीला लागूनच असलेल्या मिरजेत जावे. पूर्वी शस्त्रे घडवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे तंबोरे आणि सतारी घडवू लागली. त्यांच्याकडे आजही पुरुषांचा मोठ्या भोपळ्याचा तंबोरा वेगळा आणि बायकांचा लहान वेगळा. आवाजाचे मुख्य भाग हे दोनच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, पण ही दोन मापे त्याहून पुष्कळ जुनी आहेत.

मग नाटकमंडळीत पात्र वाटताना कशाचा विचार होई? राजापार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट, गद्य पार्ट अशी ती विभागणी होती आणि तिच्या मुळाशी दोन प्रश्न होते : हा गातो की नाही, आणि गातो तर कसा? भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्ये बडोद्याहून किर्लोस्करांकडे आले. त्यांच्या उंच, धारदार गळ्याने शकुंतला आणि ‘सौभद्रा’तली सुभद्रा यांचे रूप वीस वर्षांसाठी ठरवून टाकले. युरोपात पुरुष उंच आवाजात वीर गात होता, इथे तो नायिका गात होता. पुढे भाऊराव पुरुषभूमिकांकडे वळले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’त १८९९ मध्ये त्यांनी कोदंड उभा केला तो त्याच गळ्यावर. सुभद्रेचा आवाज कोदंडाला चालला, कारण प्रेक्षक भाऊरावांचे गाणे ऐकायला येत होते.

देवल हे सांगलीलगतच्या हरिपूरचे. ‘शारदे’त त्यांनी गळ्याचे आणखी एक काम दाखवले. जरठ वराशी लग्न ठरलेल्या मुलीच्या तोंडी त्यांनी उस्तादी चिजांचे वजन ठेवले नाही. घरातल्या बायका ओव्या आणि मंगळागौरीची गाणी म्हणतात, त्या वळणाच्या चाली दिल्या. त्यामुळे शारदेला पल्लेदार गवई नको होता, कोवळा आणि स्वच्छ उच्चाराचा गळा हवा होता. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी लहानपणी नाव काढले ते याच भूमिकेत. पात्राच्या वयाला आणि घराला शोभेल असे गाणे लिहावे, हा विचार इथे पहिल्यांदा इतका स्पष्ट दिसतो.

याच काळात साताऱ्याने उलटी वाट धरली होती. शाहूनगर म्हणजे सातारा. त्या नावाची शाहूनगरवासी नाटक मंडळी १८८१ च्या सुमारास उभी राहिली आणि पदांच्या त्या सुगीत तिने गद्य नाटकाचा झेंडा धरला. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले होते. त्यातला चंद्रसेन गणपतराव जोशांनी असा काही उभा केला की नुसत्या बोलण्याच्या चढउतारावर प्रेक्षक खिळून राहत. आपल्या मागोव्यात साताऱ्याचे महत्त्व असे की ‘न गाणारा गळा’ ही कमतरता नसून एक स्वतंत्र जात आहे, हे त्याने सिद्ध केले. संगीत मंडळ्यांनीही हा धडा पुढे उचलला.

भाऊराव १९०१ मध्ये गेले आणि किर्लोस्कर मंडळींची शकुंतला पोरकी झाली. ती पोकळी १९०५ मध्ये भरून निघाली, तीही मिरजेत. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व, घराणे नागठाण्याचे; हे गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. मिरजेच्या मुक्कामात त्यांनी शकुंतलेची भूमिका केली आणि बालगंधर्वांचे युग सुरू झाले. त्यांच्या गळ्यात भाऊरावांचा झणत्कार नव्हता. होती ती आर्जवाची, लडिवाळपणाची, शब्दाला गोंजारत स्वराशी नेण्याची रीत. त्या रीतीचा पूर्ण उपयोग करणारा नाटककारही सांगलीचाच निघाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये आले, त्याला चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांच्या. भामिनी आणि रुक्मिणी या नायिका बालगंधर्वांच्या गळ्यावर बेतून शिवल्या होत्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात धैर्यधर झाले केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. नायक आणि नायिका दोघेही पुरुष, त्यामुळे पट्ट्यांत फार अंतर नव्हते. फरक होता तो गाण्याच्या वृत्तीचा. एकाचे गाणे चढाईचे, दुसऱ्याचे मनधरणीचे. शूर शिपाई आणि मानिनी श्रीमंत मुलगी यांचा झगडा प्रेक्षकांनी त्या दोन वृत्तींमधून ऐकला. तीन महिन्यांत केशवराव वारले आणि तो योग पुन्हा आला नाही.

साताऱ्याचा धडा इथेच दिसतो. ‘मानापमाना’तल्या भित्र्या लक्ष्मीधराची आणि ‘संशयकल्लोळा’तल्या संशयी फाल्गुनरावाची भूमिका गणपतराव बोडस करीत. या माणसांना खाडिलकर-देवलांनी गायला लावले नाही, कारण हास्य आणि क्षुद्रपणा बोलण्यात खुलतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त १९१९ मध्ये ही विभागणी टोकाला गेली. सिंधू गाते, सुधाकर बोलतो. बुडत चाललेल्या घरातले सगळे सोसणे गाण्याकडे आणि सगळी पडझड गद्याकडे. टेनर विरुद्ध बॅरिटोन असा भेद नसलेल्या रंगभूमीने गाणारा आणि न गाणारा या भेदातून आपले काम असे साधले.

गंधर्वांची रीत सर्वत्र पसरत असताना तिच्याशी फटकून उभे राहिले मास्टर दीनानाथ मंगेशकर. १९१८ मध्ये निघालेल्या बळवंत संगीत मंडळीत त्यांनी ‘भावबंधना’तली लतिका आणि ‘रणदुंदुभी’तली तेजस्विनी केली; आणि नंतर धैर्यधरही. त्यांची स्त्री लाजरी नव्हती. तिच्या तानेला पंजाबी ढंगाची धार होती. बोलपट आल्यावर मंडळीचा संसार सांगलीत स्थिरावला, ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा १९३४ चा चित्रपट त्याच काळातला. दुसरीकडे, बालगंधर्व मिरजेत उभे राहिले त्याच १९०५ मध्ये मिरजेतच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर भावंडांसह स्वतःची नाटकमंडळी घेऊन रंगभूमीवर आल्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळे’त ज्योत्स्ना भोळे गायल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीकडे आली आणि तिच्यासोबत एक तांत्रिक अडचणही आली. दोन पुरुषांनी सहज पेललेले युगुलगीत आता पुरुषाच्या काळी एकमध्ये आणि स्त्रीच्या काळी चारमध्ये ताणले जाऊ लागले. बाईचा षड्ज पुरुषाच्या पंचमावर पडतो. तंबोरा तर एकाच षड्जाचा. कधी दोघांनी अर्ध्या वाटेवर यायचे, कधी एकाने मध्यमाला षड्ज मानून गायचे. उंचीचा प्रश्न मराठी रंगभूमीने खऱ्या अर्थाने सोडवला तो इथे, जन्मानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. सांगलीत १९४३ मध्ये सावरकरांच्या अध्यक्षतेखाली रंगभूमीची शताब्दी साजरी झाली, तोवर स्त्रीपार्टी नटांचा काळ सरत आला होता.

पुढचे मोठे वळण १९६७ चे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये गळा हेच कथानक झाले. पंडितजी आणि खाँसाहेब ही दोन पात्रे म्हणजे दोन गायकी. जितेंद्र अभिषेकींनी दोन घराण्यांसाठी दोन वेगळ्या वळणांचे संगीत केले आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब त्यांच्या तानेपासून वेगळा काढता येईना. पात्राची ओळख गायकीने पटवण्याची जी चाल ‘शाकुंतला’पासून चालत आली होती, तिचे हे सर्वांत उघड रूप.

मधल्या काळात चित्रपटाने मात्र गळा आणि देह पुन्हा वेगळे केले. २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये देह सुबोध भाव्यांचा आणि गळा आनंद भाट्यांचा, २०१५ च्या ‘कट्यार’मध्ये खाँसाहेबांचे रूप सचिन पिळगावकरांचे आणि बरेचसे गाणे राहुल देशपांड्यांचे. दीनानाथांच्या सांगलीतल्या घरी वाढलेल्या लताबाईंनी तर नायिकांच्या कैक पिढ्यांना एकच आवाज दिला. पडद्यामागून सगळ्यांसाठी गाणारा एक कंठ, हे विष्णू भाव्यांच्या सूत्रधाराचेच काम यंत्रयुगात परत आले, असे म्हणायला हरकत नाही.

रंगभूमीने मात्र १८८० चा करार मोडलेला नाही. आजही संगीत नाटकात जो दिसतो त्यालाच गावे लागते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ‘सौभद्र’ बसवणाऱ्या हौशी संस्थेत अर्जुनाची पट्टी कोणती, हा प्रश्न पेटीवाला दोन सुरांत मिटवतो. खरी चर्चा होते ती सुभद्रा गंधर्वांच्या अंगाने जाणार की आणखी कोणाच्या, यावर. युरोपातली भूमिका पुढच्या पिढीला आवाजाची उंची सोपवते. आपली भूमिका आधी गाऊन गेलेल्या माणसाची चाल, त्याच्या जागा आणि त्याचे वन्समोअर सोपवते. म्हणून आपल्याकडे नव्या गायकाची परीक्षा दुहेरी असते : पात्र आपल्या पट्टीवर आणणे सोपे, त्या पात्रात आधीच वस्तीला असलेल्या आवाजाशेजारी स्वतःला जागा करणे कठीण. हे ज्याला जमते त्याचा गळा पुढच्यासाठी नवे माप होतो. भाऊरावांच्या शकुंतलेनंतर नारायण राजहंसांना मिरजेत हेच करावे लागले होते.