जहाजावरची नोंदवही आणि नंदुरबारची वाट

समुद्राचा आणि नंदुरबारचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी काहीसे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुडा, तापी आणि नर्मदा यांच्या परिसरातला. समुद्रकिनारा त्याला नाही. तरीही सतराव्या शतकाच्या आरंभीच्या ज्या इंग्रजी प्रवासवर्णनांत नंदुरबारचा उल्लेख येतो आणि जी आपले स्थानिक इतिहासकार साधन म्हणून वापरतात, ती लिहिणारी माणसे दीर्घ सागरप्रवास करून आलेली होती. जहाजावर कित्येक महिने काढल्यानंतर, जहाजावरच कमावलेल्या लेखनसवयी घेऊन, ती सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाली. त्या सवयींचा विचार न करता त्यांचे नंदुरबारविषयीचे मजकूर वाचले, तर आपण एका वाङ्मयप्रकाराचे संकेत वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतो, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात विल्यम फिंच आणि सर टॉमस रो यांच्या दोन संहितांच्या आधारे हे पाहण्याचा प्रयत्न आहे.

फिंच हा व्यापारी. ईस्ट इंडिया कंपनीच्या तिसऱ्या सफरीत, १६०७ मध्ये, तो ‘हेक्टर’ या जहाजावर चढला. विल्यम हॉकिन्स याच जहाजावर होता. ‘हेक्टर’ सुरतेजवळ पोहोचले ते ऑगस्ट १६०८ मध्ये, म्हणजे प्रवासाला वर्षाहून बराच अधिक काळ लागला. वाटेत वारा पडला, माणसे आजारी पडली आणि ताफ्याला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएरा लिओनेच्या खाडीत आसरा घ्यावा लागला. सोबतच्या ‘ड्रॅगन’ जहाजावर याच मुक्कामात खलाशांनी ‘हॅम्लेट’चा प्रयोग केला, अशी एक कथा शेक्सपिअरच्या अभ्यासकांना प्रिय आहे, तिच्या मूळ पुराव्याच्या अस्सलपणाविषयी वाद आहेत. नाटक झाले असो वा नसो, फिंचच्या लेखणीला त्या खाडीत दिसले ते वेगळेच: पाणी कोठे मिळते, लिंबे कोणती, झाडे कसली, लोक देवघेवीला तयार आहेत की नाहीत. पुढे मादागास्कर आणि सोकोत्रा येथेही तो हेच पाहतो.

येथे ‘प्रवासी’ या शब्दाचा अर्थ जरा नेमका करून घेतला पाहिजे. खलाशाला जहाजावर काम असते. व्यापारी, वकील, पाद्री यांना तेथे काम नसते. त्यांच्यापाशी वेळ असतो, आणि लिहिण्याचे कर्तव्यही असते, कारण कंपनीला आपल्या नोकरांच्या रोजनिश्या हव्या असत. त्यामुळे जहाज चालवण्याशी संबंध नसलेला मनुष्य जहाज चालवणाऱ्याची नोंदवही लिहू लागतो. तारीख, वारा, अक्षांश, होकायंत्राचा फरक, पाण्याची स्थिती, आजारी आणि मेलेले. रो हा राजाचा वकील. तो ‘लायन’ जहाजावरून फेब्रुवारी १६१५ मध्ये निघाला आणि १८ सप्टेंबरला सुवाळीच्या बंदरात पोहोचला. (या सर्व तारखा इंग्लंडातील तत्कालीन जुन्या कालगणनेच्या आहेत.) त्याच्याही रोजनिशीत वारा आणि अक्षांश यांच्या नोंदी आहेत. दरबारी मनुष्याने या आकडेमोडीत इतका रस का घ्यावा? माझ्या मते उत्तर असे की जहाजावर काळ मोजण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते. क्षितिज बदलत नाही, सोबतची माणसे बदलत नाहीत, जेवण बदलत नाही. बदलतो तो अंक.

आता भूमीवरचा मजकूर पाहू. जानेवारी १६१० मध्ये फिंच सुरतेहून आग्र्याकडे निघाला. व्यारा, नवापूर यांवरून तो नंदुरबारला आला आणि पुढे निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असे करीत बऱ्हाणपूरला गेला. गावाचे नाव आणि कोसांचा आकडा, मग गढी आहे का, तलाव आहे का, वाट कशी, लोक कसे, अशी त्याची नोंद चालते. नंदुरबारला शहर हा दर्जा मिळतो. अलीकडे पुष्कळ थडगी आणि विहारगृहे, एक किल्ला, एक चांगला तलाव, एवढा तपशील येतो. निमगूळच्या वाट्याला मात्र घाणेरडे गाव, चोरटे रहिवासी आणि मळकट गढी अशा अर्थाची विशेषणे येतात. थाळनेरची वाटही चोरांची म्हणूनच नोंदली जाते. अक्षांशाच्या जागी कोस आले आहेत, पाणी भरण्याच्या खाडीच्या जागी तलाव आला आहे, धोक्याच्या खडकाच्या जागी चोर आले आहेत. नोंदीची बांधणी तीच राहिली आहे.

हे साम्य माझ्या वाचनाने लादलेले नाही, याला एक पुरावा आहे. फिंचचा मजकूर सॅम्युअल पर्चस याने १६२५ मध्ये आपल्या प्रचंड संग्रहात छापला, त्यात सिएरा लिओने, मादागास्कर, सोकोत्रा, सुरत आणि नंदुरबार हे सारे एकाच सलग संहितेत येते. विल्यम फॉस्टर यांनी १९२१ मध्ये भारतातील आरंभीच्या इंग्रज प्रवाशांचा जो संग्रह संपादिला, त्यात त्यांनी समुद्राचा भाग गाळून सुरतेपासूनचा मजकूर घेतला. संपादकीय हेतू उघड होता. भारतविषयक मजकूर एकत्र करायचा होता. फॉस्टर यांच्या टीपांशिवाय फिंचची विचित्र गावनामे आपल्याला ओळखताही आली नसती, त्यामुळे त्यांच्याविषयी कृतज्ञताच आहे. परंतु आपल्याकडील बहुतेक अभ्यासक हीच आवृत्ती वापरतात, आणि म्हणून त्यांना भेटतो तो समुद्र कापून टाकलेला फिंच. मग निमगूळच्या लोकांविषयीचे त्याचे विशेषण हे एखाद्या निरीक्षकाने काढलेले अनुमान वाटू लागते. मूळ क्रमात वाचले असता ते किनाऱ्यावरील लोकांविषयी जहाजावरून दिलेल्या शेऱ्यांच्या मालिकेतले एक ठरते. त्या मालिकेत लोक ‘चांगले’ किंवा ‘चोरटे’ असतात ते त्यांच्याकडून पाणी, मांस, फळे सुखाने मिळाली की नाही यावरून. एका मुक्कामाच्या ओळखीवर गावाच्या चारित्र्याविषयी याहून अधिक सांगण्याची सोय त्या प्रकारात नाही.

एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर अशा मजकुरांना ‘प्राच्यवादी’ हे लेबल लावणे सोपे झाले आहे. मराठीतही ते लावले गेले, आणि पुष्कळदा योग्य रीतीने. परंतु १६१० मध्ये खानदेशातून जाणाऱ्या फिंचपाशी सत्ता नव्हती. तो परवान्यावर, इतरांच्या संरक्षणात, भीतभीत जाणारा नीळ-व्यापारी होता. त्याच्या वाक्यांतील तुच्छता सत्तेतून आलेली मानण्यापेक्षा गरजेतून आलेली मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. पुढे एकोणिसाव्या शतकात, खानदेश कंपनीच्या ताब्यात आल्यावर, गॅझेटिअरच्या लेखकांनी हीच वाक्ये उचलली आणि त्यांना प्रशासकीय वजन दिले. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या राजवटीच्या भाषेत ‘चोरटा’ हा शब्द काय करू शकतो, हे वेगळे सांगावयास नको. विशेषण जुनेच होते, पण ते उच्चारणारा आता वाटसरू नव्हता. हे दोन क्षण एकच मानले, तर इतिहासही बुडतो आणि वाङ्मयविचारही.

रोच्या नंदुरबारमध्ये या विवेचनाला सर्वांत मनोरंजक वळण मिळते. ३० ऑक्टोबर १६१५ रोजी तो सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपूरला पोहोचला; नोव्हेंबरच्या आरंभी केव्हातरी नंदुरबार येते. तेथे त्याने आवर्जून नोंदवलेली गोष्ट म्हणजे पाव मिळाला. सुरत सोडल्यापासून तो मिळाला नव्हता, कारण मुलखात सर्वत्र राहणारे ‘बनिया’ पाव करीत नाहीत, फक्त चपट्या टिकल्या करतात, असे तो सांगतो. या टिकल्या म्हणजे आपल्या भाकरी आणि पोळ्या! साडेसात महिने जहाजावरच्या बिस्किटांवर काढलेल्या माणसाची भूक येथे बोलते आहे. खानदेशात धान्य भरपूर होते आणि रोला ते दिसतही होते. याच मार्गावर एका दिवसात धान्याने लादलेल्या दहा हजार बैलांचा तांडा भेटल्याचे तो लिहितो. तरीही ‘अन्न’ या सदरात भाकरीची नोंद होत नाही. नोंदवहीच्या रकान्यात ‘पाव’ हा शब्द आधीच लिहिलेला आहे. तो भरला जातो किंवा रिकामा राहतो.

गुरांचेही तसेच. टेबल बे येथे धातूच्या तुकड्यांवर गुरे मिळत. कोमोरो बेटांवरही ताजे मांस आणि फळे मिळाली. नवापूर-नंदुरबारच्या मुलखात गुरे कळपांनी आहेत, कारण हे लोक प्राणी मारीत नाहीत, आणि त्याच कारणाने ती विकतही नाहीत. रोने हे दोन्ही एका दमात लिहिले आहे. दिसते पण मिळत नाही, अशी स्थिती जहाजाच्या हिशेबात बसत नाही. किनाऱ्यावर गुरे असली की मांस असणार, हे समीकरण येथे पहिल्यांदा मोडते, आणि त्या मोडण्यात क्षणभर रोला समोरच्या समाजाच्या नीतीची दखल घ्यावी लागते. अर्थात ‘बनिया’ या एकाच शब्दात त्याने कुणबी, गुजर, कोकणा, भिल्ल, मावची या सर्वांना गिळून टाकले आहे. या परिसरातल्या आदिवासींच्या आहाराला तर त्याचे विधान मुळीच लागू पडत नाही. पण तेवढ्याने ते निरुपयोगी ठरत नाही.

उलट, पावाच्या त्या एका वाक्यातून नंदुरबारविषयी काही ऐतिहासिक तर्क करता येतो. आंबवलेली रोटी भाजायला भट्टी लागते, आणि भट्टी चालायला रोजचे गिऱ्हाईक लागते. नंदुरबारमध्ये नानवायांचा व्यवसाय तग धरून होता, म्हणजेच तेथे मोगल अंमलदार, शिपाई, वाटसरू व्यापारी अशी बऱ्यापैकी मोठी वस्ती होती, असे मी समजतो. फिंचने पाहिलेली थडगी, किल्ला, विहारगृहे यांच्याशी हे जुळते. म्हणजे रोचा शेरा खानदेशच्या आहाराविषयी फारसे सांगत नाही. शहरातल्या एका गल्लीविषयी मात्र सांगून जातो. जहाजावरच्या प्रवाशाची भूक हे साधन म्हणून वापरायचे असेल तर ते असे तिरपे धरून वापरावे लागेल.

मराठीत स्थलवर्णनाची जी परंपरा होती, तिच्याशी तुलना केल्यास फरक ठळक होतो. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) मजल-दरमजल चालतो. त्यातही अंतरे आहेत, चोर आहेत, भूक आहे. परंतु गोडसे भटजींचा मुक्काम बहुधा कोणाच्या तरी घरी किंवा आश्रयाला असतो. यजमानाची जात, दानत, दक्षिणा यांतून गाव उभे राहते. फिंचच्या गावांना यजमान नाही. जहाज कोणाच्या घरी उतरत नसते.

आपली माणसे जहाजावर चढली तेव्हा त्यांनी काय लिहिले? पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ चा. तो सदाशिव पांडुरंग केळकर यांना उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. त्याच वर्षी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कॅलकटा’ या जहाजाने अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांचेही अनुभव पत्रांतूनच आपल्यापर्यंत येतात. सावरकरांनी १९०६ च्या आपल्या ‘पर्शिया’ बोटीवरील प्रवासाविषयी ‘शत्रूच्या शिबिरात’मध्ये पुष्कळ उशिरा लिहिले, त्यात घरच्या ओढीने व्याकूळ होऊन परत फिरू पाहणारा सहप्रवासी तरुण लक्षात राहतो. येथे नोंदवही नाही. येथे बोलणे आहे, आणि समोर ऐकणारा आहे. शाकाहारी स्त्रीला जहाजाच्या मुदपाकखान्यात काय खाता येईल, हा प्रश्न रमाबाई आणि आनंदीबाई या दोघींपुढे होता. रोचा पावाचा प्रश्न त्यांनी उलट्या बाजूने भोगला. तथापि पत्र हा प्रकार त्यांना अशी एक सवलत देतो जी रोला नव्हती: न मिळालेल्या अन्नाविषयी लिहिताना ते अन्न काय असते हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून समोरच्या अन्नाला क्षुद्र ठरवावे लागत नाही.

फिंच इंग्लंडला परत पोहोचलाच नाही. परतीसाठी त्याने खुष्कीचा मार्ग धरला आणि बगदादमध्ये त्याचा मृत्यू झाला. कागद पर्चसच्या हाती आले, त्याने त्यांना कात्री लावली, उरले ते छापले. नंदुरबारच्या तलावाच्या, थडग्यांच्या आणि किल्ल्याच्या ओळी त्या उरलेल्यांतल्या आहेत. त्यांच्या आधी सिएरा लिओनेची लिंबे आहेत आणि नंतर निमगूळची वाळूची वाट. खानदेशच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या निदान एकदा या क्रमाने वाचाव्यात.