महावीराचार्यांचे कंठाभरण

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणावयाचे आहे. उत्तर १२३४५६५४३२१! एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकावर उतरणारी ही अंकमाला; अशा गुणाकारांस आचार्य कंठाभरण म्हणतात. ताळा स्वहस्ते करून पाहावा असाच हा हिशेब आहे. ४४१ हा २१ चा वर्ग, दुसरी संख्या ५२९१ चा. आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे १,११,१११. त्याच्याच वर्गातून ही माला गुंफली जाते. नऊ एकांच्या संख्येपर्यंत ती अभंग राहते. दहाव्या एकाबरोबर मधल्या घरात दहा येतात, हातचा सरकतो आणि माला तुटते.