अजिंठ्याच्या अनुकृती : मूळ, प्रत आणि कर्तृत्वाचा प्रश्न

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. राजवंशाची परंपरा, दात्याचे कुळ आणि दानामागील पुण्यसंकल्प यांची त्यात नोंद आहे. भिंती रंगविणाऱ्यांची मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे लेख वाचून अभ्यासकांपुढे ठेवले, तेव्हा राजांचा आणि दात्यांचा इतिहास बोलू लागला. चित्रकार अबोलच राहिले. पाचव्या शतकातील या मौनाचे स्पष्टीकरण त्या काळच्या धर्मव्यवहारात आणि श्रेणीबद्ध कारागिरीत शोधता येते. परंतु त्याच भिंतींसमोर एकोणिसाव्या शतकात बसलेल्या चित्रकारांच्या बाबतीतही बऱ्याच अंशी असेच मौन आढळते, आणि तेथे हे स्पष्टीकरण पुरत नाही. नोंदी ठेवणे हा ज्या राजवटीचा स्वभावधर्म होता, तिच्याच आश्रयाने हे दुसरे काम झाले होते.

एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. या घटनेला ‘शोध’ म्हणण्याची प्रथा आहे. परिसरातील लोकांना लेणी ठाऊक होती हे लक्षात घेतले, तर या शब्दाचा खरा अर्थ ‘वासाहतिक ज्ञानव्यवहारात झालेला प्रवेश’ एवढाच उरतो. अशा व्यवहारात प्रवेश केलेल्या वस्तूचे वर्णन, मापन आणि प्रतिरूप आवश्यक ठरते. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांच्यावर १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रती करण्याची कामगिरी सोपविण्यात आली. सुमारे दोन दशके खपून त्यांनी तैलरंगात केलेल्या मोठ्या प्रती लंडनला रवाना झाल्या. सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या असताना १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या.

या हानीनंतर मुंबई सरकारने १८७२ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे नव्या प्रतींचे काम दिले. येथे कामाचे स्वरूप मूलतः बदलले. गिल एकटे चित्रकार होते. ग्रिफिथ्स एका शाळेचे शिक्षक होते आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांचा एक गट होता. पुढील तेरा वर्षांत या गटाने सुमारे तीनशे कॅनव्हास रंगविले. काही चित्रांचा आकार तीन मीटर बाय सहा मीटरपर्यंत जातो. अंधाऱ्या लेण्यांत, गिलावा निखळलेल्या भिंतींसमोर, रेषा कोठे संपते आणि डाग कोठे सुरू होतो याचा निवाडा क्षणोक्षणी करीत हे काम चालले. प्रत करणे म्हणजे यांत्रिक उतरवणूक, हा समज अशा प्रसंगी टिकत नाही. पुसट झालेल्या हाताची मुद्रा कॅनव्हासवर उमटविण्यापूर्वी ती ‘वाचावी’ लागते, आणि वाचन हे अर्थनिर्णयनच असते. हस्तलिखितातील त्रुटित ओळीपुढे संपादक जसा उभा असतो, तसाच हा विद्यार्थी भिंतीपुढे उभा होता.

हे विद्यार्थी कोणत्या दृष्टीने घडले होते? सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचा घोषित हेतू चित्रकार निर्माण करण्यापेक्षा देशी हुन्नरांची सुधारणा करण्याचा होता. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर साउथ केन्सिंग्टन येथे जे कलाशिक्षणाचे प्रतिमान उभे राहिले, त्यात अलंकरण, आकृतिबंध आणि उद्योग यांची सांगड होती. त्या प्रतिमानाच्या नजरेला अजिंठा प्रामुख्याने नमुन्यांचे भांडार म्हणून दिसला. १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथ्स यांच्या दोन खंडांच्या ग्रंथातही अलंकरणाच्या तपशिलाला मोठे स्थान आहे. शाळेत जॉर्ज टेरी यांनी चालविलेल्या मातीकामाच्या कार्यशाळेत अजिंठ्याची वेलबुट्टी आणि आकृत्या भांड्यांवर उतरल्या व बाजारात गेल्या. ज्या चित्रांना मूळ संदर्भात जातककथांचा आणि दानधर्माचा आधार होता, ती अशा रीतीने ‘डिझाइन’ या नव्या कोटीत दाखल झाली.

या व्यवस्थेत एक अंतर्विरोध होता. ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या साच्यांवरून छायाप्रकाशाचे धडे गिरविलेल्या तरुणांना छायाप्रकाशापेक्षा रेषेवर उभ्या असलेल्या परंपरेची प्रत करावयाची होती. आणि तीही तैलरंगात, म्हणजे मूळ चित्रांना सर्वस्वी परक्या माध्यमात. या अर्थाने प्रत्येक कॅनव्हास हे भाषांतर होते. भाषांतरात जे घडते तेच येथे घडले : लक्ष्यभाषेचे व्याकरण मूळ संहितेत शिरले, आणि मूळ संहितेने लक्ष्यभाषेची ऐट काहीशी मोडली. परंतु भाषांतरकाराला जे दुय्यम का होईना नाव मिळते, तेही या विद्यार्थ्यांपैकी मोजक्यांनाच मिळाले. पेस्तनजी बमनजी यांचे नाव टिकले, कारण पुढे ते स्वतंत्र चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. इतरांची कलेतिहासातील ओळख सहसा ‘ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी’ या एका पदापलीकडे जात नाही.

या प्रतींच्या वाट्याला आलेले प्राक्तनही बोधक आहे. लंडनमधील संग्रहात असताना १८८५ मध्ये पुन्हा आग लागली आणि शंभरावर कॅनव्हास जळाले. दोन्ही संचांतील उरलेल्या दीडशेच्या वर प्रती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. १९५५ नंतर त्या कायम प्रदर्शनात राहिल्या नाहीत. २००६ मध्ये त्यांच्यापैकी काहींच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. दुसरीकडे, प्रत करताना आकृती स्पष्ट दिसाव्यात म्हणून मूळ भित्तिचित्रांवर चढविलेल्या रोगणाने त्या चित्रांच्या ऱ्हासाला हातभार लावला. म्हणजे प्रतीने मूळाला इजा केली आणि त्याच प्रतीने मूळातील आज नाहीसे झालेले तपशील सांभाळूनही ठेवले. साक्षीदार आणि अपराधी या दोन्ही भूमिका एकाच वस्तूकडे आल्या. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे एकमेवत्वाचे वलय ओसरते, असे वॉल्टर बेन्यामिन यांनी मांडले. अजिंठ्याच्या हाताने केलेल्या प्रतींबाबत प्रक्रिया उलटी झालेली दिसते : मूळ झिजत गेले तसतशी प्रत स्वतःच एकमेव झाली. तरीही संग्रहालयाच्या वर्गीकरणात ‘प्रत’ या नोंदीने तिचा दर्जा एकदा ठरला, तो बदलणे अवघड गेले.

हा दर्जा अटळ नव्हता, याचा पुरावा पुढच्याच पिढीत मिळतो. १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी अजिंठ्यात पुन्हा प्रती करविल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. व्यंकटप्पा हे तरुण चित्रकार होते. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले होते. काम तेच, भिंती त्याच. मात्र कलकत्त्याच्या चित्रकारांचा तेथील मुक्काम भारतीय आधुनिक कलेच्या चरित्रात दीक्षेचा प्रसंग म्हणून नोंदला गेला. हा फरक केवळ गुणवत्तेचा म्हणता येणार नाही. बंगालमधील चित्रकारांच्या पाठीशी स्वदेशी चळवळ, अवनींद्रनाथ ठाकूर यांचे गुरुत्व, भगिनी निवेदिता यांचे लेखन आणि नियतकालिकांचे वाचक होते. अजिंठा हा राष्ट्राचा वारसा आहे, असे सांगणारे कथन आधीच उभे राहिले होते आणि प्रत करणारा हात त्या कथनाचा नायक झाला. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी काम केले तेव्हा असे कथन नव्हते; होता तो सरकारी अहवाल. हैदराबादच्या दोन चित्रकारांना या कथनात मिळालेली तुलनेने गौण जागाही हेच सुचविते. कर्तृत्व हे हातात असते. कर्तेपण समाजाच्या कथनातून बहाल होते.

मुंबईत अजिंठ्याचे पुनरागमन झाले ते ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात. त्यांनी चालविलेल्या भित्तिचित्रणाच्या वर्गाने १९२४ च्या वेम्ब्ले प्रदर्शनासाठी दालन सजविले आणि पुढे नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती रंगविल्या. जगन्नाथ अहिवासी यांच्यासारख्या शिक्षकांनी रेषाप्रधान भारतीय शैलीचा अभ्यास शाळेत रुजविला. परंतु या पुनरुज्जीवनाने आपली वंशावळ थेट गुप्त-वाकाटक काळाशी जोडली. पन्नास वर्षांपूर्वी याच शाळेतून लेण्यांत गेलेल्या विद्यार्थ्यांची मधली पायरी तिच्यात ठळक झाली नाही. सुवर्णयुगाशी नाते सांगण्याच्या उत्साहात नजीकचे पूर्वज विस्मृतीत जातात, हा मराठी प्रबोधनाच्या इतर क्षेत्रांतही येणारा अनुभव आहे.

मराठी साहित्याच्या स्मृतीने काय निवडले, हेही पाहण्यासारखे आहे. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे आणि त्यावर आधारित २०१२ मधील चित्रपटामुळे मराठी वाचक-प्रेक्षकाच्या मनात अजिंठ्याचा आधुनिक इतिहास म्हणजे रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा, असे समीकरण रूढ झाले. १८५६ मध्ये निधन पावलेल्या पारोचे स्मारक अजिंठा गावात आहे. १८७९ मध्ये वारलेल्या गिल यांची कबर भुसावळला आहे. या कथेने वासाहतिक दफ्तरात जागा नसलेल्या एका स्थानिक स्त्रीला नाव आणि आवाज दिला, हे तिचे मोठेच मोल आहे. मात्र कथेची रचना प्रतिभावंत एकाकी कलावंत आणि त्याची प्रेरणा या स्वच्छंदतावादी जोडीवर उभी असल्याने तेरा वर्षे चाललेल्या सामूहिक, पगारी, शिस्तबद्ध श्रमाला तिच्यात शिरकाव मिळत नाही. सामूहिक श्रमाची कथा सांगण्यासाठी लागणारा आकृतिबंध मराठी कलाविचाराने अद्याप पुरेसा घडविलेला नाही.

प्रश्न केवळ काही नावे यादीत भरण्याचा नाही. मूळ आणि प्रत, कलावंत आणि कारागीर, कलाकृती आणि नमुना या जोड्या कलेच्या स्वरूपातून आपोआप निपजत नाहीत. शाळा, सरकार, संग्रहालय, राष्ट्रवाद आणि साहित्य यांच्या व्यवहारांतून त्या ठरतात आणि बदलतात. वराहदेवाच्या लेखाची अक्षरे जितक्या काळजीने वाचली गेली, तितक्याच काळजीने या कॅनव्हासांवरील रेषांचे, त्यांतील हस्तभेदांचे आणि वाचनभेदांचे परीक्षण होईल, तेव्हाच एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रदेशाच्या कलेतिहासाला आपला एक हरवलेला कालखंड परत मिळण्याची शक्यता आहे.